पथ्याची सुरुवात बाजाराच्या पिशवीपासून: मधुमेह, रक्तदाब आणि गोव्यातले घर

दवाखान्यातून बाहेर पडताना रुग्णाच्या हातात औषधांची चिठ्ठी असते आणि कानांत एक सूचना असते: भाजी जास्त खा, मीठ आणि भात कमी करा. औषधे कुठे मिळतील हे कोणालाही विचारता येते. पण ती भाजी आषाढातल्या पावसात कुठून आणायची, कमी केलेल्या भाताच्या जागी ताटात काय वाढायचे आणि महिनाअखेरीस त्यासाठी पैसे कसे उरवायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. माझ्या आईला मधुमेह आणि रक्तदाब जडून बरीच वर्षे झाली. पथ्य पाळत नाही म्हणून तिने एका दवाखान्यात पुष्कळ बोलणी ऐकली होती. एका पावसाळ्यात आम्ही भावंडांनी तिच्या जेवणाकडे नीट लक्ष दिले, तेव्हा कळले की फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात पावसाची झड आठ दिवस लागली की घरात तांदूळ, नारळ, खारे बांगडे आणि मिठातले तोर (कच्चे आंबे) एवढेच शिल्लक राहत असे. जे घरात होते तेच ती खात होती, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता.

म्हणून या लेखात काय खावे यापेक्षा ते घरात कसे आणून ठेवावे यावर अधिक भर दिला आहे. आपल्या राज्याला त्याची निकड आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणात प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के आढळले, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. चार प्रौढांमागे एक असा हा हिशेब आहे, आणि ज्या घरात असा एकही माणूस नाही असे घर आता आपल्या आसपास शोधावे लागते.

पिशवी उचलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी

आहार बदलण्याआधी डॉक्टरांकडून काही गोष्टी स्पष्ट करून घेणे अत्यावश्यक आहे, कारण एका विकाराला मानवणारे अन्न दुसऱ्या विकारात अपाय करू शकते. पहिला प्रश्न औषधांचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने एकाएकी भात निम्म्यावर आणला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते; त्यामुळे भात कमी करण्याचा बेत आधी डॉक्टरांना सांगावा आणि औषधाचे प्रमाण बदलायचे का, हे त्यांनाच ठरवू द्यावे. घाम फुटणे, हात कापणे, छातीत धडधडणे, बोलण्यात गोंधळ होणे ही साखर उतरल्याची लक्षणे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावीत. रक्तातील साखर प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली आढळली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि ती अजूनही कमी असेल तर पुन्हा तेच करावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरा प्रश्न मूत्रपिंडाचा. क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) आणि पोटॅशियम यांची तपासणी शेवटची कधी झाली आणि तिचा निष्कर्ष काय होता, हे विचारून वहीत लिहून ठेवावे. बाजारात ‘कमी सोडियमचे मीठ’ मिळते आणि रक्तदाबाच्या रुग्णांना ते कोणीही सुचवते. परंतु त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेले असते. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखे औषध चालू असेल, तर या मिठाने रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनीही पालेभाजीबद्दल बोलून घ्यावे. त्यांना पालेभाजी वर्ज्य नसते, पण रोज साधारण सारखेच प्रमाण ठेवावे लागते.

मिठाच्या पाकिटावर तारीख

घरात काय चालले आहे हे कळण्यासाठी सर्वांत सोपा उपाय मला मिठाच्या पाकिटाने शिकवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ खावे. हे कोणी मोजून खात नाही. परंतु चार माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम धरले, तर एक किलोचे पाकीट किमान ५० दिवस पुरायला हवे. आम्ही नव्या पाकिटावर पेनाने तारीख लिहिली आणि ते २६ दिवसांत संपले. म्हणजे माणशी साडेनऊ ग्रॅमहून थोडे अधिक मीठ नुसत्या स्वयंपाकात जात होते. खारी मासळी, लोणचे, पापड आणि पाव यांतले मीठ त्यात धरलेलेच नव्हते. ते धरले तर पाकीट दोन महिने पुरावे हे उद्दिष्ट ठेवणे योग्य होते. तिथवर पोचायला आम्हाला चार-पाच पाकिटे लागली. दर पाकिटामागे थोडे कमी करत गेल्याने जिभेला ते जाणवले नाही, आणि घरातल्या मुलांनी तक्रारही केली नाही.

आपल्या स्वयंपाकात आंबटाची आणि वासाची जी परंपरा आहे, ती इथे उपयोगी पडते. हुमणात, म्हणजे मासळीच्या नारळ घातलेल्या कढीत, तिरफळे ठेचून घातली, आमटीला चिंच किंवा ओटांबे (वाळवलेले आंबट फळ) वापरले, भाजीवर उतरवताना लिंबू पिळले, की कमी मीठ अळणी लागत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी: सोलकढीसाठी विकत मिळणाऱ्या आगळात (कोकमाच्या रसात) भरपूर मीठ असते, आणि सोलांनाही (वाळवलेल्या कोकमांनाही) पुष्कळदा मीठ लावलेले असते. म्हणून आगळ घातलेल्या पदार्थात वरून मीठ घालूच नये.

तेलाचाही असाच हिशेब ठेवता येतो. माणशी महिन्याला अर्धा लिटर ही मर्यादा लक्षात ठेवायला सोपी आहे. नारळ खाणाऱ्या घराने याहून कमी तेलात भागवावे, कारण ओल्या खोबऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग स्निग्धांश असतो आणि तो बहुतांश संपृक्त असतो. नारळ बंद करा असे गोव्यातल्या माणसाला सांगण्यात अर्थ नाही, आणि तशी गरजही नाही. दुपारच्या हुमणात नारळ असेल तर भाजीवर खोबरे पेरू नये आणि रात्रीची आमटी नारळाविना करावी, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

भाजी दाराशी कशी येईल

आपल्या गावांत पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ भोंपू वाजवत दारात येतो, मासळीवाली पाटी घेऊन येते. भाजी मात्र आपल्याला जाऊन आणावी लागते. माझ्या मते पथ्य बिघडण्याचे हे फार मोठे कारण आहे. विशेषतः ज्या घरांत मुले परदेशी किंवा जहाजावर नोकरीला आहेत आणि मागे एकटी म्हातारी माणसे आहेत, तिथे पैसे असतात, परंतु तिंट्यावर (बाजारात) जाऊन चार किलोची पिशवी उचलून आणणारे कोणी नसते. अशा घरात पाव आणि पेज यांवर दिवस निघतो.

यावर आमच्या वाड्यावर जमलेला उपाय साधा आहे. चार घरांनी मिळून आठवड्याचे दोन दिवस ठरवले आणि ज्याच्याकडे स्कूटर किंवा गाडी आहे त्याने त्या दिवशी चौघांची भाजी आणायची असे ठरले. यादी आदल्या रात्री भ्रमणध्वनीवर जाते. ज्यांना वाहन चालवता येत नाही ती घरे भाजी निवडून, चिरून देतात. एकट्या राहणाऱ्या शेजारणीसाठी गुडघेदुखीत अळू निवडणे किती कठीण असते, हे मला त्या यादीतूनच कळले. ती कित्येक महिने पालेभाजी मागवतच नव्हती. निवडलेली मिळू लागली, तेव्हा ती खाऊ लागली.

खरेदीसाठी तीन ठिकाणे धरून चालावे. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाचे गाडे गावोगाव आहेत आणि तिथे अनुदानित दराने भाजी मिळते. कोबी, गाजर, फरसबी, भेंडी, टोमॅटो यांसारखी नेहमीची भाजी आधी तिथे पाहावी. यातली पुष्कळशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते, म्हणून पावसाळ्यात दरडी कोसळून वाहतूक अडली की दर चढतात आणि मालही कमी पडतो. दुसरे ठिकाण म्हणजे बाजारात आणि रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या गावठी भाजीवाल्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जे मिळते ते मोठ्या दुकानात मिळत नाही: वायंगणाच्या (हिवाळी पिकाच्या) हंगामात तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, ताळगाव आणि आगशीची वांगी; पावसात तवशी (काकड्या), दोडकी, पडवळ, कारली, सात शिरांची भेंडी. गावठी भाजीचा दर जास्त वाटतो हे खरे आहे, परंतु ती शिळी नसते आणि कमी फुकट जाते. तिसरे ठिकाण म्हणजे आपले स्वतःचे परसू.

पहिल्या पावसानंतर परसात आणि कुंपणाकडेला उगवणारे तायकिळो (टाकळा) आणि अळू ही फुकटची पालेभाजी आहे. तिचा मान आपण अलीकडे विसरत चाललो आहोत. ओळखीची असेल तीच तोडावी, रस्त्याकडेची किंवा गटाराजवळची घेऊ नये, आणि घशाला खाज सुटू नये म्हणून अळू आंबटात नीट शिजवावे. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी शेवग्याची एक फांदी लावावी. तिचा पाला वर्षभर मिळतो. पणजी-वास्कोच्या सदनिकेत राहणाऱ्यांना रुंद टबात तांबडी भाजी पेरता येते. ती सुमारे महिन्याभरात काढणीला येते, आणि दर आठवड्याला एक टब पेरला तर खंड पडत नाही. बियाण्यांसाठी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करावी.

भाजी किती लागते याचाही अंदाज असावा. फळे आणि भाज्या मिळून दिवसाला माणशी किमान ४०० ग्रॅम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बटाटा, रताळे, सुरण आणि नीरफणस यांची गणना यात करू नये. त्यांना भाताच्या जागी धरावे. चार माणसांच्या घराला यानुसार आठवड्याला ११ किलो भाजी-फळे लागतात. हा आकडा प्रथम ऐकल्यावर आम्हीही दचकलो होतो, कारण तोवर आमच्या घरी चार किलोही येत नव्हती.

पुरुमेंत बदलणे

मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करण्याची आपली रीत, जिला आपण पुरुमेंत म्हणतो, ती दीर्घ आजाराच्या रुग्णासाठी फार मोलाची आहे. मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्ताला किंवा म्हापशाच्या बाजारात त्या दिवसांत फिरले की खारी मासळी, मिरच्या, सोलां, चिंच, कांद्याच्या माळा, कुळीथ, उकडे तांदूळ यांचे ढीग दिसतात. ही रीत मोडू नये; यादी तेवढी बदलावी.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. ताजी मासळी महागते आणि पेजेबरोबर खारे येते. रक्तदाबाच्या रुग्णाला हेच दोन महिने सर्वांत कठीण जातात. म्हणून खारी मासळी जेवढी भरत होतो तिच्या पाव हिश्शावर आम्ही आणली आणि उरलेल्या पैशांत अळसांदे (चवळीसारखे कडधान्य), मूग, कुळीथ, मसूर आणि चणे भरले. माणशी दिवसाला ५० ग्रॅम कडधान्य धरले तर चार माणसांना दोन महिन्यांसाठी १२ किलो पुरते. कडधान्य आणल्याबरोबर दोन दिवस कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. पावसाच्या दमटपणात याशिवाय ते टिकत नाही. भाजी न मिळालेल्या दिवशी मूग किंवा अळसांदे भिजवून मोड आणावेत, म्हणजे ताटातली भाजीची जागा अगदी रिकामी राहत नाही. खारे खायचेच असेल त्या दिवशी ते आधी पाण्यात तासभर भिजवावे, पाणी दोनदा बदलावे, आमटीत वेगळे मीठ घालू नये आणि लोणच्याला त्या जेवणापुरती सुट्टी द्यावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तीसाठी कडधान्याचे प्रमाण मात्र डॉक्टरांनीच ठरवायला हवे.

मासेमारी सुरू झाली की तारले आणि बांगडे यांच्यावर भर द्यावा. हृदयाला हितकारक असलेली ओमेगा-३ मेदाम्ले या स्वस्त मासळीत विपुल असतात. इसवण (सुरमई) परवडत नाही म्हणून कोणी मन छोटे करू नये. रव्यात घोळवून तळण्याऐवजी मासळी हुमणात किंवा केळीच्या पानात तव्यावर शिजवावी.

तांदूळ, रेशन आणि ताट

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातील शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय पत्रिकेवर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. गरीब घराला हा फार मोठा आधार आहे. परंतु ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम कच्चा तांदूळ, आणि शिजल्यावर तो जवळजवळ अर्धा किलो भात होतो. मधुमेही माणसाने तो सगळा खायचा नसतो. रेशनमुळे जे पैसे वाचतात ते त्याच दिवशी वेगळ्या डब्यात ठेवावेत आणि फक्त भाजी-कडधान्यासाठी काढावेत. महिनाअखेरीस भाजीचे पैसे कुठून आणायचे याचे आमच्या वाड्यावरील दोन घरांनी दिलेले उत्तर हेच आहे.

उकडा तांदूळ पांढऱ्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा बरा, कारण उकडताना कोंड्यातील ब गटाची जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात आणि साखरही थोडी सावकाश चढते. तरीही तो तांदूळच आहे. प्रमाण सुटले तर त्याचा उपयोग होत नाही. ताटाचा अर्धा भाग भाजीने, पाव भाग मासळी, अंडे किंवा कडधान्याने आणि पाव भाग भाताने भरावा. आधी भाजी आणि डाळ वाढावी, भात शेवटी वाढावा. हा क्रम पाळला की भात आपोआप कमी लागतो. सकाळच्या पेजेचेही असेच आहे. आई एक भांडेभर पेज तोराबरोबर घेत असे. आता ती एक वाटी निथळलेली पेज आणि त्याबरोबर वाटीभर शिजवलेले अळसांदे घेते, तोर रविवारी एक फोड. पहिले पंधरा दिवस तिला ते पेज वाटतच नव्हते. मग तिनेच अळसांद्यांत लसूण आणि थोडी खोला मिरची घालायला सुरुवात केली आणि तक्रार थांबली.

पावाच्या बाबतीत पोदेराला स्पष्ट विचारावे. कोंड्याची पोई (गोल, पोकळ पाव) चांगली, पण वरून कोंडा लावलेली आणि आतून मैद्याची पोईही विकली जाते. मोडून पाहिले तर आतला रंग सांगतो. नाचणीची भाकरी किंवा बिनसाखरेचे आंबील आठवड्यातून दोन-तीनदा ठेवावे.

मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी वेगळा इशारा

आपल्याकडे परसात पिकणारी दोन फळे अशा रुग्णाला घातक ठरू शकतात आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. करमल, ज्याच्या चकत्या ताऱ्यासारख्या दिसतात, त्यातील द्रव्य निकामी मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही. सतत उचकी, गोंधळ, झटके आणि क्वचित मृत्यूही त्यामुळे ओढवतो. बिंबलांमध्ये ऑक्झॅलिक आम्ल फार असते. साखर किंवा कोलेस्टेरॉल उतरवण्याचा घरगुती उपाय म्हणून काही लोक त्यांचा रस पितात. निरोगी माणसानेही तो पिऊ नये, कारण त्यामुळे मूत्रपिंडे एकाएकी निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. पोटॅशियम वाढलेले असेल तर शहाळे, केळी आणि टोमॅटो यांबाबतही आधी विचारावे, आणि भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे.

वही

आपल्या शरीराला काय मानवते हे ग्लुकोमीटरनेच कळते. रोज तपासण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस एकाच जेवणाच्या आधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी तपासावे, आणि शेजारी काय व किती खाल्ले ते लिहावे. दर वेळी एकच गोष्ट बदलावी. एका आठवड्यात भात कमी, पुढच्या आठवड्यात भाजी वाढवून. रक्तदाब पाच मिनिटे शांत बसून, सकाळी औषध घेण्यापूर्वी मोजावा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत नेवऱ्या (करंज्या) होणारच; त्या दिवशी एक खाल्ली असेल तर एक असे लिहावे, खोटे लिहू नये, कारण औषध ठरवणारा डॉक्टर याच आकड्यांवर अवलंबून असतो.

आई आता प्राथमिक आरोग्य केंद्रात जाताना ही वही आणि महिन्याची बाजाराची यादी, दोन्ही पिशवीत घालून नेते. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आधी यादी वाचली, आणि पावसाळा तोंडावर आहे तर मूग किती भरले आहेत, असे तिला विचारले.